गणिताच्या तासाला लिलाव
तेलकट लोखंडी भुशाचा वास आला की मला लेकीच्या शाळेचं ऑफिस आठवतं. चाकणच्या कंपन्या भंगाराचा लिलाव मोबाइलवर करतात आणि मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून निघोजेच्या गोदामातून मी आकडा पाठवायचो आणि दहावीतली लेक वर्गात बाकाखाली फोन धरून बोली लावायची. एकदा गणिताच्या तासाला ती सापडली आणि बाईंनी फोन काढून घेतला. मी भुशाने माखलेल्या कपड्यांतच तणतणत शाळेच्या ऑफिसात गेलो. “बाई, फोन द्या, माझं नुकसान होतंय.” बाई म्हणाल्या, “भाऊ, तिला चाचणीत चार मार्क पडलेत, ते नुकसान कोणाचं?” मग तिच्याकडे वळल्या, “वर्गात फोनवर काय करत होतीस, सांग बाबांना.” लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “गेम खेळत होते.” कंपनीच्या मॅनेजरशी तासभर हुज्जत घालणारा मी फरशीकडे बघत राहिलो. बाईंनी तिच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि पालक म्हणून त्यावर मी सही केली. दहावीला तिचं गणित राहिलं ते राहिलंच. आता ती दिवसभर गोदामात बसून लिलाव बघते. माझा राग अजून त्या बाईंवरच आहे. माझं कसलं नुकसान, हे त्यांनी मला विचारलंच नाही.