गामताकचं पथ्य

हाँगकाँगच्या फळबाजारात गामताक फानची उभी हयात पपनसं विकण्यात गेली. साल नुसती दाबून तो आतली गोडी सांगायचा. म्हातारा महाहट्टी! लेक वाईसुम औषधांच्या खोक्यातले इंग्रजी कागद चिनीत उतरवायची. त्याला ब्लडप्रेशरची गोळी लागली. डॉक्टरांनी बजावलं, सोडलीत तर अर्धांगवायू. आणि पठ्ठ्याने सोडलीच की! गोळ्यांचं भरलेलं खोकं वाईसुमच्या हाती लागलं.

"बाबा, जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

"तूच चिनीत लिहिलेला कागद वाच ना! चक्कर, सूज, धडधड... ड्रॅगनच्या शेपटासारखी यादी! माझ्या चिनी काढ्याच्या पुडीवर बघ. दुष्परिणाम: अद्याप स्पष्ट नाहीत. एका ओळीत काम!"

"अहो, म्हणजे कुणी धड तपासलंच नाही! इंग्रजीवाले हजारात एकाला झालेलंही लिहून मोकळे होतात."

"बरं, आणि पथ्य? पुडीवर थंड नको, तिखट नको, मुळा नको. तुझ्या गोळीला सगळंच चालतं! पथ्य नाही ते कसलं गं औषध? पेपरमिंटच ती!"

वाईसुमने हात टेकले. रागारागाने तिने मूळ इंग्रजी कागद पुन्हा उघडला. इंग्रजी मजकूर वकिलाला शेजारी बसवून लिहिल्यासारखा, आणि चिनी पुडी बोलते घरच्या वडीलधाऱ्यासारखी: हे खा, ते नको, बाकी वैद्याला विचार. बाबांना तीच भाषा कळायची, त्यांचं काय चुकलं? वाचता वाचता एका लांबलचक वाक्याच्या मधोमध तिला 'ग्रेपफ्रूट टाळावं' असं दिसलं. तिने औषधवाल्याला फोन लावला.

"पपनस चालेल का हो?"

"छे, एकाच जातीचं ते. तेही बंदच."

जीव मुठीत धरून ती म्हणाली, "बाबा, पथ्य आहे. या गोळीवर पपनस वर्ज्य."

म्हाताऱ्याने खोकं हातात घेतलं. आता गोळ्या गटारात जाणार, असंच तिला वाटलं.

"पपनस?" तो पुटपुटला. "बाप रे! मग जालीम दिसतंय औषध." आणि त्याने पाणी मागितलं.

शरदाच्या पौर्णिमेच्या, पपनस खायच्या सणाला सकाळीच डॉक्टरांनी ब्लडप्रेशर उतरल्याचं सांगितलं. वाईसुमचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी सगळे जमले तेव्हा तिच्या भावजयीने पपनसाची फोड पुढे केली, तर गामताक ऐटीत म्हणाला, "मला नको. माझं औषध चालू आहे!"

मग उरलेलं फळ त्याने स्वतःच सोललं, सगळ्यांना वाटलं, आणि बोटं हुंगत लेकीला विचारलं, "गोड आहे ना गं?"