आघाताची जुनी जागा

२००५ साली मी अमेरिकेत, रेडमंडजवळच्या एका छोट्या कंपनीत होते. कॉम्प्युटरला माणसांचं बोलणं कळावं म्हणून आम्ही निरनिराळ्या भाषांतले आवाज रेकॉर्ड करायचो. माझ्या वाट्याला क्रोएशियन आली. त्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा आघात, म्हणजे जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते, आणि सूर नोंदवायचा होता, आणि मी शाळेत संस्कृत शिकले होते हे मॅनेजरला कुठून तरी समजलं होतं.

मग मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचायला लागले. स्लाव्हिक भाषांत पूर्वी आघात शब्दातल्या कुठल्याही अक्षरावर पडे, आणि त्याला सुराचा चढ-उतारही असे. पुढे प्रत्येकीने आपापला संसार थाटला. रशियनने आघाताची जागा बरीचशी राखली, सूर घालवला. पोलिशने आघात शेवटून दुसऱ्या अक्षराला बांधून टाकला, चेकने पहिल्या. क्रोएशियनच्या प्रमाण बोलीत सूर टिकला, पण आघात एक अक्षर मागे, शब्दाच्या सुरुवातीकडे सरकला. जुनी जागा उरली ती समुद्रातल्या काही बेटांवर.

अशाच एका बेटावरची बाई आमच्याकडे रेकॉर्डिंगला आली. वय सत्तरच्या पुढे. नवऱ्याबरोबर तरुणपणी इकडे आलेली. तो मासेमारीच्या बोटीवर होता, आता हयात नव्हता. दर शनिवारी तिची मुलगी तिला गाडीने सोडून जायची. मी मनातल्या मनात तिला आजीच म्हणायचे.

एका शनिवारी यादीत ‘स्नाहा’ हा शब्द आला. अर्थ सून. तिने तो म्हटला आणि माझा हात थांबला. तिचा जोर शेवटच्या अक्षरावर होता.

“पुन्हा म्हणाल?”

तिने म्हटला. मग हसून म्हणाली, “शहरातले लोक पहिल्या अक्षरावर जोर देतात. आमच्याकडे असं. माझी आजी असंच म्हणायची.”

घरी जाऊन मी पाहिलं. रशियनमध्येही त्या शब्दाचा जोर शेवटी. आणि वेदातल्या ‘स्नुषा’ शब्दातही उदात्त, म्हणजे चढा सूर, ‘षा’वर. म्हणजे आजीच्या तोंडी जे होतं ते चुकीचं नव्हतं, सगळ्यांत जुनं होतं. पुढच्या शनिवारी मी तिला हे सांगितलं.

“मला आयुष्यभर सगळे म्हणाले, तुझं बोलणं गावंढळ आहे,” ती म्हणाली. “माझी मुलगीसुद्धा. म्हणून तर ती हे बोलणं शिकली नाही.”

मी म्हटलं, “मलाही म्हणतात.”

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. मी नागपूरची, सासर पुण्याचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी फोनवर आईला म्हणाले, “स्वयंपाक करून राहिली,” तर मागून सासूबाई म्हणाल्या, “अगं, ‘करतेय’ म्हण. आणि हेल काढू नकोस.” सगळे हसले, नवराही. मी तीन महिन्यांत हेल सोडला. आईशी बोलतानाही.

आजी म्हणाली, “तू हेल सोडायला नको होतास.” तिला सोपं होतं म्हणणं.

नंतरचे चार शनिवार ती यादीबाहेरचंही बोलली. जाळी विणताना म्हणायचे शब्द, वाऱ्यांची नावं, मेलेल्या माणसांबद्दल बोलायची रीत. मी सगळं रेकॉर्ड केलं.

मग तपासणी झाली. तपासणारा क्रोएशियाच्या राजधानीतला, झाग्रेबचा तरुण होता, फोनवर. म्हणाला, “ही बाई चुकीचं बोलते. हे सगळं काढून टाका.” मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. “तू यावर काम केलंयस. हे ठेवण्यासारखं आहे का?”

आजीची बोली जुनी कशी, यावर मी लिहिलेलं दोन पानांचं टिपण माझ्यासमोर टेबलावर होतं. त्या महिन्यात माझे ग्रीन कार्डचे कागद कंपनीच्या वकिलाकडे होते. मॅनेजरला वाद आवडत नसे. अजून एक भाषा वेळेवर संपली की त्याचं काम झालं. मी टिपण पालथं घातलं आणि म्हणाले, “नाही. प्रमाण बोली नाहीये ती.”

डिस्कवर जागा लागत होती. डिलीट मीच केलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

आजीला कंपनीकडून आभाराचं छापील पत्र गेलं. मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू, असं म्हणत वर्ष निघून गेलं.

२००७च्या हिवाळ्यात तिची मुलगी ऑफिसच्या लॉबीत आली. आई महिन्यापूर्वी गेली होती. “घरी आमच्याकडे तिचा आवाज नाही,” ती म्हणाली. “फोनच्या मशीनवर एक निरोप आहे, तोही इंग्रजीत. ती सांगायची, इथे एका इंडियन मुलीकडे माझं सगळं आहे. तुम्हीच ना?”

मी म्हणाले, “हो. पण रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीची असतात. बाहेर देता येत नाहीत.”

“एकदा ऐकता तरी येईल? इथेच बसून?”

“नियमात बसत नाही.”

तिने मान हलवली. नियम म्हटल्यावर ती लगेच समजली, इथली मुलं समजतात तशी. उलट मलाच म्हणाली, “आहेत कुठेतरी, एवढं कळलं तरी बरं वाटलं. आई तुमच्याबद्दल फार बोलायची.”

मी तिला दारापर्यंत सोडलं. पार्किंगमध्ये पाऊस होता आणि तिच्याकडे छत्री नव्हती. माझी आत खुर्चीला अडकवलेली होती. मी ती आणायला वळले नाही, कारण आणली असती तर तिच्याबरोबर गाडीपर्यंत चालावं लागलं असतं.

माझं ग्रीन कार्ड त्याआधीच्याच उन्हाळ्यात आलं होतं. आमची क्रोएशियन मात्र बाजारात गेलीच नाही. पुढच्या वर्षी कंपनीने ती भाषाच यादीतून काढून टाकली.