मशीन थकत नाही

जपानमधल्या इचिकावात मी इंग्रजी संभाषण शिकवते. त्या शुक्रवारी सलग चौथा तास होता, घसा बसला होता. समोर सत्तरीच्या एक जपानी बाई. अबोला धरलेल्या दोन बहिणींची एक कथा मी त्यांना दिली होती. तिच्यावर घरी एआयशी बोलून यायचं होतं. वर्गात मात्र त्या गप्पच.

"घरी तरी बोललात का?" मी वैतागून विचारलं.

"रोज तासभर. मशीन थकत नाही. तुम्ही फार थकलेल्या दिसता, म्हणून इथे बोलवत नाही."

मी ओशाळले. "थकलेय खरी," म्हटलं, "पण ऐकतेय."

मग कोबे शहरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीशी आपण अकरा वर्षं बोललो नाही, हे त्यांनी अडखळत सांगितलं. क्रियापदं सगळी चुकत होती. मी एकही सुधारलं नाही.