आत्याचा अंगठा

आमच्या घरी बैल मेला की मृत्युपत्र बदलायचं. गाय व्याली तरी बदलायचं. एकदा तांब्याच्या गंगाळाला भोक पडलं, तर तेवढ्यासाठीही बदललं.

याला कारण चिखलीचे एक वकील. विहिरीत उतरताना बाबांचा पाय घसरला आणि ते महिनाभर खाटेवर पडून राहिले. बरे झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मृत्युपत्राचं. वकिलांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. घरात काही बदललं की खाडाखोड करत बसू नका, नवा कागद करा. आणि साक्षीदार दोन घ्या, पण ज्याला त्या कागदातून काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका, नाहीतर त्याचं मिळणं बाद होतं. बाबांनी दोन्ही गोष्टी गाठीला बांधून आणल्या.

तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं पान वाढून झालं आणि चिंचवणी-पुरणाची जेवणं उरकली की पत्र्याची पेटी उघडायची. बाबा सगळ्यांना बसवून जुना कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे. माय दर वर्षी चिडायची. "सणासुदीचं मरनाचं काय वाचून राह्यले?" बाबा म्हणायचे, "आज वाडवडील घरी जेवाले आले. त्यायच्या समोरच वाचलेलं बरं." मग काय बदललं ते ठरायचं, नवा कागद व्हायचा आणि जुना माय स्वतःच्या हातानं चुलीत घालायची. वर्षभरात तिला एवढं समाधान दुसऱ्या कशात मिळत नसावं.

लिहायचं काम माझं. बाबांना मोडी यायची, पण वकिलांना बाळबोध हवी होती आणि मी सातवी पास झालेली होते. साक्षीदार ठरलेले होते. एक समोरचे किराणा दुकानदार, दुसरी आमची आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पहिला कागद झाला त्याच्या पुढच्या वर्षी ती विधवा होऊन उंद्रीहून माहेरी आली. मूलबाळ नव्हतं. आली तशी विहिरीजवळच्या तुकड्यात शिरली आणि तिथं वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं काही ना काही बारा महिने पिकवू लागली. आम्ही जी भाजी खात होतो ती तिचीच. आखाजीला हात धुऊन यायची, अंगठा टेकवायची आणि परत भांडी घासायला जायची.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या आखाजीला बैलजोडी नवी होती, म्हणून कागदही नवा. थोरल्या भावाचं शेगावात दुकान होतं, त्याच्या वाटणीला मोठं वावर. धाकटा नागपुरात नोकरीला लागलेला, त्याच्या वाटणीला आंब्याची झाडं आणि विहिरीजवळचा तुकडा. हे मी दर वर्षी लिहीत होते, पण डोकं न लावता. त्या दिवशी मात्र माझा टाक थांबला. धाकट्यानं दिवाळीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं की आपण काही शेती करणार नाही, तुकडा विकून टाकू. मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. बैलांचे रंग होते, गंगाळ होतं, माझ्या लग्नासाठी ठेवलेले सोन्याचे डाग होते. आत्या कुठंच नव्हती.

"बाबा, ह्याच्यात आत्याचं काऊन नाही?"

"हाये ना. खाली तिचा अंगठा राह्यते."

"अंगठा राह्यते म्हनूनच बाकी काही नाही. तुमच्या वकिलानंच तर सांगतलं होतं."

बाबा म्हणाले, "ते कुठं चालली, पोरी? ते तं घरचीच हाये."

"तुमी हाये तोवर. मंग तो तुकडा इकला का आत्यानं जावं कुठं?"

मला राग आला होता, बाबांचा आणि माझाही. इतकी वर्षं आम्ही बैल बदलत होतो, आणि ज्याला काहीच मिळत नाही असं माणूस घरातच आहे म्हणून साक्षीची सोय झाली, यावर खूश होतो. बाबांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात आत्या आली. तिनं सवयीनं दारातच दौतीत बोळा बुडवून अंगठा काळा करून घेतला होता. "भाऊ, कुठं टेकू?"

"तुह्या अंगठ्याचं आता काम नाही, बाई."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो मला आजही दिसतो. "काऊन? माह्यानं काही चुकलं का?"

"चुकलं माह्यानं," बाबा म्हणाले. "इहिरीजवळचा तुकडा तुह्या नावानं लिवून राह्यलो. ज्याले भेटते त्याचा अंगठा चालत नाही."

आत्यानं काळा अंगठा वर धरला. "मंग ह्या अंगठ्याचं मी काय करू?"

मायनं तिला फडकं दिलं आणि मला म्हणाली, "ओसरीची खोलीबी लिव तिले. घाई करू नको, नीट लिव." माय त्या कागदाबद्दल चांगलं बोलली ते त्या दिवशी पहिल्यांदा. दुसरी साक्ष शेजारच्या वावरवाल्या काकांची घेतली. त्यापायी त्यांना पुरणाच्या चार पोळ्या जास्तीच्या मिळाल्या. धाकटा पुढच्या सुट्टीत थोडा कुरकुरला. आत्यानं नागपूरला जाताना त्याच्या पिशवीत वांगी भरून दिली, तेव्हा गप्प झाला.

पुढं गावात कुणाचाही कागद असो, आत्याला कुणी साक्षीला बोलावलं की ती जायची नाही. दुसऱ्यांच्या कागदावर तिचा अंगठा चालतो, हे बाबांनी तिला कितीदा समजावलं. ती ऐकून घ्यायची, पण दारात बोलावणं आलं की डोक्यावरचा पदर सारखा करून तेच सांगायची, "माही साक्ष चालत नाही, बापा. मले वावर हाये."