खिशातला डावा हात

पेशकारांचा डावा हात कायम शेरवानीच्या खिशात असायचा. उन्हाळा असो, हिवाळा असो, समोर शेतकरी असो की खुद्द तहसीलदार. उजवा हात सरकारचा आणि डावा खिशाचा. मिसलींचा, म्हणजे दाव्यांच्या कागदांचा, बस्ता बांधायचा झाला तर फडक्याचं एक टोक दातात धरायचे आणि दुसरं उजव्या हाताने ओढायचे. पानाला चुना लावायचा तोही पान मांडीवर पसरून, एका हाताने.

निजामाच्या राज्यात, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी नकलनवीस होतो. म्हणजे निघालेल्या हुकुमाची नक्कल वळणदार अक्षरात काढायची. पेशकारांचं काम मोठं. तहसीलदारांपुढे मिसल ठेवायची आणि ती वाचून दाखवायची. त्यांची बैठक माझ्या अगदी समोर होती. वर्षानुवर्षं समोरासमोर बसणारी माणसं एकमेकांकडे किती बारीक बघतात, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही कुठेतरी कुणासमोर बसतच असाल. आमच्याकडे त्या हाताबद्दल बरीच मतं होती. शिपाई म्हणायचा, लहानपणी गुऱ्हाळात बोटं गेली. दप्तरदार म्हणायचे, सहा बोटं आहेत. माझं मत असं, की पेशकारांनी कुठल्याशा देवीला डाव्या हाताचा नवस बोललाय. हे मत मी कुठल्याही पुराव्याशिवाय तालुकाभर पसरवलं होतं. मी बोलघेवडा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांचा एक शब्द होता, ‘दमानं’. शिपायाने बस्ता आपटला की ‘दमानं’. मी दौतीत टाक जोरात बुडवला की ‘दमानं, मुन्शी’. दोन भाऊबंद कचेरीच्या पायरीवरच हमरीतुमरीवर आले, तर पेशकार उजवा हात वर करून म्हणायचे, "दमानं घ्या. बांध कुठं पळून चाललाय का?"

मिसल वाचणं हे तसं कोरडं काम. पण पेशकार वाचायला लागले की ओसरीवर बसलेली माणसं विड्या विझवायची. कुठे थांबायचं, कुठला शब्द लांबवायचा, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ज्याच्या विरुद्ध निकाल जाणार तोही मान डोलवायचा. उर्दूचा गंध नसलेला एक म्हातारा मला बाहेर येऊन म्हणाला होता, "समजलं काईच न्हाई, पर लई गोड वाचलं."

आमची सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी कचेरी सुटली की पेशकार उमापूरच्या वाटेला लागत आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत परत येत. विचारलं तर म्हणत, रान बघायला गेलतो. त्यांचं रान उमापुरात नव्हतं, ते दुसऱ्याच टोकाला त्यांच्या गावी होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि पेशकारांच्या बायकोची कीव करायला सुरुवात केली. त्यात मीही होतो.

एका शुक्रवारी भाचीसाठी स्थळ बघायला मी उमापूरला गेलो. मुलगा काही पसंत पडला नाही. परत निघालो तर एका पडक्या भिंतीआडून आवाज आला. एखादी म्हातारी बाई तोंड मिटून स्वतःशी गुणगुणते, तसा. मी डोकावलो. अंगणात लिंबाखाली खाटेवर एक थकलेले खाँसाहेब डोळे मिटून पडले होते आणि एका बोटाने हवेत काहीतरी आखत होते. खाली घोंगडीवर आमचे पेशकार. शेरवानी खुंटीला, डोकं उघडं, छातीशी सारंगी. आणि तो डावा हात, ज्याच्यावर आम्ही इतकी मतं खर्च केली होती, तारांवरून असा फिरत होता, की मी तिथे चोरासारखा उभा आहे हेच विसरलो.

त्यांनी मला पाहिलं. तारांवरचा गज थांबला.  मग ते म्हणाले, "मुन्शी, हे कचेरीत न्हाई."

परतताना वाटेत त्यांनी हात दाखवला. सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी बाजूने टेकवून सरकवतात. त्यामुळे तीन बोटांच्या नखांवर खोल चरे पडलेले, नखांच्या मुळाशी काळे घट्टे, एका बोटाची कातडी उललेली. बघवत नव्हतं. मी विचारलं, एवढं लपवायचं कशाला? त्यावर त्यांनी घरची गोष्ट सांगितली. घराणं मानाचं. पोळ्याला गावच्या वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल त्यांचा जायचा. घरच्या लग्नात गाणारणीच्या मागे बसलेल्या सारंगीवाल्याजवळ हे दिवसभर बसून राहिले, तेव्हा थोरल्या भावाने दंडाला धरून उठवलं आणि सांगितलं, "आपण वाजवणारे न्हाई. आपल्यापुढं वाजवतेत." तेव्हापासून त्यांनी थोरल्यासमोर सारंगीचं नाव काढलं नव्हतं. नोकरी मात्र मुद्दाम अशा तालुक्यात मागून घेतली, जिथून उमापूर पायी गाठता येईल.

माझ्या तोंडात सुपारी टिकत नाही, पण ही गोष्ट टिकली. माझं मलाच नवल वाटायचं.

मग नवे तहसीलदार आले. हैदराबादेहून आलेले, अदबीला फार कडक. आठच दिवसांत त्यांनी कचेरीतल्या एका जवानाला गाणारणीच्या बैठकीत दिसला म्हणून नोकरीवरून काढलं. पेशकारांनी मिसल पुढे केली, एका हाताने. तहसीलदारांनी ती घेतली नाही. वर न बघताच म्हणाले, "दोनों हाथ."

पेशकार तसेच उभे राहिले. मग डावा हात हळूच खिशातून निघाला. तहसीलदारांनी तो पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. हा कसला मर्ज आहे, किती दिवसांपासून आहे, आणि याच हाताने तू सरकारी कागदांना हात लावतोस काय, असं त्यांनी विचारलं. दप्तरदार दोन पावलं मागे गेले. ‘महारोग’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तो दिसत होता. पेशकारांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी तोंड उघडणार होतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडीशी.

हुकूम निघाला. चार महिने घरी बसायचं. चार महिन्यांनी येऊन हात दाखवायचा. नखं साफ असली तर नोकरी, नसली तर नाही. त्या हुकुमाची नक्कल मलाच करावी लागली. माझी नक्कल अस्सल हुकुमापेक्षा देखणी असते, असा माझा लौकिक. त्या दिवशी दोन ठिकाणी खाडाखोड झाली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन भांडलोच. सांगून टाका म्हणालो. न्हावी यायचं बंद करेल, आडावर बायका तुमच्या बायकोला शेवटी पाणी भरायला लावतील, कशापायी हे?

"रोग झालता, बरा झाला, असं सांगता येतं मुन्शी," ते म्हणाले. "सारंगी बरी झाली म्हणलं तर कोण ऐकंल?"

मी तसाच उठून घरी आलो. 

चार महिने त्यांनी सारंगीला बोट लावलं नाही. मी कचेरीतून सुटलो की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. ते डावा हात मांडीवर उताणा-पालथा करत बसायचे. नख किती हळू वाढतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मुळाशी गुळगुळीत नवं नख दिसायला लागलं आणि चरे ज्वारीच्या कोंबागत वर सरकत गेले. लोक लांबून जायचे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, आत-बाहेर करायच्या. शुक्रवारी मात्र ते उमापूरला जायचे, नुसते जवळ बसायला. खाँसाहेब तेव्हा खाटेवरून उठेनासे झाले होते.

शेवटच्या शुक्रवारी काय झालं, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तहसीलदारांना हात दाखवायचा होता. खाँसाहेबांनी सारंगी आणायला लावली आणि पेशकारांच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, एकदा वाजव. चार महिन्यांनी वाजवायचं म्हणजे कोवळ्या नखांवर तार चढणार, कातडी फुटणार. हे दोघांनाही कळत होतं.

"मी म्हणलं, पुढच्या शुक्रवारी वाजवतो. दमानं." 

पुढच्या शुक्रवारी ते उमापूरला गेले, तेव्हा खाँसाहेबांना जाऊन तीन दिवस झाले होते.

हात दाखवायच्या त्या ठरलेल्या शनिवारी तहसीलदारांनी तो खिडकीपाशी नेऊन एकेक बोट तपासलं आणि खुश होऊन स्वतःच त्यांच्या पाठीवर थाप मारली. सगळ्या कचेरीला आनंद झाला. दप्तरदारांनी गळामिठी मारली. त्या दिवसापासून पेशकार दोन्ही हातांनी मिसल ठेवू लागले, दोन्ही हातांनी बस्ता बांधू लागले. दिसायला सगळं छान होतं. फक्त मिसल वाचताना आता कुणी विडी विझवत नव्हतं. आणि ‘दमानं’ हा शब्द मी वर्षभर त्यांच्या तोंडून ऐकला नाही. शिपाई बस्ते आपटायचा, भाऊबंद भांडायचे, पेशकार खाली मान घालून बसायचे. मला त्यांचे ते दोन्ही हात बघून वाईट वाटायचं.

मग त्या तहसीलदारांची बदली झाली. खाँसाहेबांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या शेजाऱ्यांनी घोंगडीत गुंडाळून सारंगी पेशकारांकडे पोचती केली. ती कित्येक दिवस तशीच माळ्यावर पडून होती, असं मला वहिनींकडून कळलं. एका शनिवारी सकाळी मी दौत भरत होतो आणि समोर पाहिलं, तर पेशकारांचा डावा हात खिशात.  त्या दिवशी मी सगळ्या कचेरीला पान दिलं आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

आता वाजवायचं घरातच होतं. भिंतीला भिंत लागून शेजार. त्यावर वहिनींनी तोड काढली. पहाटे त्या जात्यावर बसायच्या आणि जात्याच्या घरघरीखाली आतल्या खोलीत सारंगी चालायची. गल्लीत त्यांच्या कष्टाचं फार कौतुक झालं. दोन माणसांच्या घराला इतकं पीठ लागतं कशाला, हे कुणी विचारलं नाही. पीठ आमच्याकडेही येई. त्या पिठाच्या भाकरी मी दहा-बारा वर्षं खाल्ल्या.

पुढे तापाची साथ आली आणि चार दिवसांत पेशकार गेले.

निरोप गेला तसे गावाकडून थोरले भाऊ चार भाऊबंद घेऊन आले. अंगणात आंघोळ घालताना कुणाचं तरी लक्ष डाव्या हाताकडे गेलं. "हे बोटं बगा," तो म्हणाला आणि तांब्या खाली ठेवून बाजूला झाला. जुनी गोष्ट गल्लीला आठवलीच. चार महिने घरी बसवलं होतं तेच हे, रोग आतल्या आत राहिला असणार, असं चाललं. एकेक जण भिंतीकडे सरकला. शेवटी मढ्याजवळ मी आणि थोरले, दोघंच राहिलो. थोरल्यांनाही हात पुढे करवेना. खांदा द्यायला माणूस मिळेना, अशा अवस्थेत त्या मानाच्या घराचं माणूस दगडावर ओलं पडलं होतं.

मला त्यांनी सांगितलं होतं, हे कचेरीत न्हाई. ही काही कचेरी नव्हती. त्यांचं स्वतःचं अंगण होतं. मी असा विचार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "रोग न्हाई. तारेचे घट्टे आहेत. पेशकार सारंगी वाजवायचे. जल्मभर."

थोरले माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले. तो डावा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि नखांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. त्यांनी विचारलं, "चांगलं वाजवायचा का?"

मला गाण्यातलं काय कळतं?  तेवढ्यात दारातून आवाज आला. थोरल्या दिरासमोर वहिनी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, बोलणं तर लांबच. डोक्यावरचा पदर तसाच खाली ओढून त्या म्हणाल्या, "लई चांगलं वाजवायचे."

थोरल्यांनी मान हलवली. उरलेलं पाणी त्यांनी स्वतः घातलं. मग पुढचा खांदा त्यांनी घेतला आणि मागून एकेक जण येत गेला. साथीचे दिवस होते, जो तो घाईत होता. गल्लीच्या वळणावर मागच्यांनी जोर केला, तिरडी कलली आणि डावा हात कापडाबाहेर आला. थोरल्यांनी सगळ्यांना थांबवलं. तो हात नीट आत ठेवला, वर कापड सारखं केलं आणि पुन्हा खांद्यावर घेत म्हणाले, "दमानं. दमानं घ्या रे."