बिनलेबलची बाटली

साकीनाक्याच्या खोलीत आम्ही पाच माणसं राहायचो, आणि झुरळं. मोरीच्या जाळीतून ती वर यायची आणि डब्यांच्या झाकणाखाली बसायची. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून आई मसाले करून विकायची. डब्यात एक झुरळ निघालं की अख्खा डबा फेकायचा.

त्या घरातली पहिली पदवी माझी. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे सांगायची संधी मी सोडत नसे, अजूनही सोडत नाही. गॅसचा फॉर्म असो की तापाची गोळी, घरात शेवटचा शब्द माझा.

वहिनीला सातवा लागला. डोहाळजेवण घरीच करायचं ठरलं.

"बायकांसमोर झुरळां फिरली तर लोक काय म्हणतले गो?" आई म्हणाली.

मी नाक्यावरून सुटं औषध आणलं, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं. 'एकदम कडक' एवढंच विकणाऱ्याने सांगितलं होतं. आदल्या दिवशी दुपारी दार-खिडकी लावून मी ते फवारलं. तासाभराने उघडलं तरी वास होताच. वहिनी फडकं घेऊन मांडणी पुसायला आली.

"ताई, मला चालेल ना गं हे?"

"वासाने काय होतंय? केमिस्ट्री मी शिकलेय की तू?"

"तूच बाई. आम्ही दहावी नापास," ती हसली आणि वाकून मेलेली झुरळं हाताने गोळा करू लागली.

संध्याकाळी तिला घेरी आली, उलट्या थांबेनात. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "औषध कुठलं?" मी बाटली पुढे केली. त्यांनी ती फिरवून पाहिली. लेबल नव्हतंच. "यात काय आहे, कोण सांगेल?" आई आणि भाऊ दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

वहिनी सावरून घरी आली, पण पुढे भाची महिनाभर आधी जन्मली, हातात जाणवू नये इतकी हलकी. त्या औषधामुळेच का, ते नक्की सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. वहिनीने मला कधी जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

मोरीला बारीक जाळी मी स्वतः बसवली, भिंतीतल्या फटी सिमेंटने बुजवल्या. चाळीत फवारणी असेल तर आधी सांगायचं आणि गरोदर बाईची खोली वगळायची, हे मीटिंगमध्ये भांडून ठरवून घेतलं. आता तसंच होतं. भाची पहिलीत आहे, तब्येतीने ठीक आहे. आमच्या घरात फवारा येत नाही.