ओंकारला दमा नव्हता

आमच्या ओंकारच्या मृत्यूची चौकशी त्याच्याच वयाच्या पोरांनी केली.

आणि निकालही त्यांनीच दिला.

आज वर्ष झालं. ओंकार म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, नीलिमाचा मुलगा. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमची घरं शेजारी, म्हणून मी त्याची मंजूमावशी.

एका छोट्या कॉलेजात गेला. पहिल्याच वर्षी फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलांचा क्लब, जॉइन करायला निघाला. नव्या मुलांना त्यांनी भर जानेवारीत, जॅकेटशिवाय, गोठलेल्या तळ्याभोवती पळवलं. ट्रॅडिशन म्हणे.

ओंकार पडला तो उठलाच नाही.

पोलिसांनी अपघात म्हणून फाइल बंद केली. कॉलेज म्हणालं, फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी, म्हणजे मुलींचे तसेच क्लब, यांचा कारभार आमच्याकडे स्टुडंट कौन्सिल बघतं. वी ट्रस्ट अवर स्टुडंट्स.

ॲडमिशनच्या टूरवर हेच वाक्य ऐकून ओंकारचे बाबा, विलासभाऊ, केवढे खूश झाले होते! "बघ मंजू, किती मॅच्युअर मुलं आहेत!"

तेरावं व्हायच्या आत त्या कौन्सिलची दोन मॅच्युअर मुलं घरी आली. प्रेसिडेंट आणि सेक्रेटरी. ब्लेझर, पांढरी फुलं, खाली घातलेल्या माना.

आपल्याकडे भेटायला आलेल्याला कोणी विचारतं का, की बाबा रे, तू नक्की कशाला आलास?

विलासभाऊंनी त्यांना सोफ्यावर बसवलं. मला म्हणाले, "चहा टाक गं, लांबून ड्राइव्ह करून आलीयत पोरं."

प्रेसिडेंटने अगदी हळू आवाजात विचारलं, "अंकल, ओंकारला कधी काही हेल्थ प्रॉब्लेम होता का?"

विलासभाऊ आठवणींत शिरले. "लहानपणी थोडा दमा होता. मी त्याला खांद्यावर घेऊन फिरायचो. पण सेकंड ग्रेडनंतर कधीच नाही. हायस्कूलला तर स्विमिंग टीममध्ये होता."

सेक्रेटरीने फोनवर काहीतरी टाइप केलं. मला तेव्हाच खटकलं. सांत्वनाला आलेला माणूस टाइप कशाला करतो?

मग त्याने बाथरूम कुठे आहे विचारलं. तो येऊन गेल्यावर मी बघितलं, तर तिथलं औषधांचं कपाट अर्धवट उघडं.

नीलिमाला सांगितलं तर म्हणाली, "मंजू, प्लीज. आज तरी संशय घेऊ नकोस."

मी कपाट लावून टाकलं. असेल आधीपासूनच उघडं.

पुढच्या महिन्यात निकाल आला. सहभाग ऐच्छिक होता. कुटुंबाने दिलेल्या माहितीनुसार विद्यार्थ्याला दमा होता. फ्रॅटर्निटीला वॉर्निंग.

सेकंड ग्रेड गायब. स्विमिंग टीम गायब.

म्हणजे ती चौकशी होती! आणि आम्ही त्यांना बिस्किटं दिली.

मी कौन्सिलचे नियम शोधून वाचले. कौन्सिलवर प्रत्येक फ्रॅटर्निटीचा एक प्रतिनिधी असतो; ज्यांची केस, त्यांचा प्रतिनिधी खोलीबाहेर जातो. वा, किती फेअर! पण आत उरतं कोण? त्यांच्या शेजारच्याच बाकीच्या फ्रॅटर्निटींची पोरं. आज तू मला सांभाळ, उद्या मी तुला.

डीनबाई म्हणाल्या, स्टुडंट्सच्या निर्णयात आम्ही ढवळाढवळ करत नाही. सोय बघा कशी.

याची चीड आहेच. पण विलासभाऊंनी सगळा दोष स्वतःवर घेतलाय, ते मला बघवत नाही. जेवताना मध्येच थांबतात. "मी बोललो नसतो तर?"

गेल्या आठवड्यात कौन्सिलचा ईमेल आला. कॉलेजच्या ग्रीनहाउसमध्ये ओंकारच्या नावाने झाड लावतोय, नक्की या.

विलासभाऊंनी फोन लावला. आम्ही सगळे समोर होतो. "येतो. फक्त एक सांगा. स्विमिंग टीमचं कोणी गाळलं?"

पलीकडून, "अंकल, वी विल गेट बॅक टू यू."

अजून फोन आलेला नाही. झाड मात्र लावून झालं. आज सकाळी फोटो टाकलेत.

ओंकार, तुझे बाबा त्या दिवशी साक्ष देत नव्हते रे. लेक गेलेला बाप, घरी आलेल्या पोरांशी आपल्या लेकाबद्दल बोलत होता. बाबांना हे पटेपर्यंत मी रोज सांगणार आहे.

तू धडधाकट होतास, बाळा. हे ज्यांना माहीत आहे, ते सगळे आज तुझ्या आठवणीने रडतायत.

मंजूमावशी